आभासी मिसफायर : मोटारीतील दोषसंकेतांच्या प्रामाण्याचा इतिहास

१. विषयप्रवेश

यंत्र बिघडले असता त्याने आपला दोष आपणच सांगावा, ही अपेक्षा यंत्रविद्येच्या इतिहासात तशी अलीकडची आहे. बॉयलरवरील दाबमापक किंवा मोटारीतील तेलाचा दिवा ही साधने एखाद्या राशीचे मान तेवढे दाखवीत. त्या मानाचा अर्थ लावण्याचे काम माणसाकडे राही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मोटारीत जे संगणक बसविण्यात आले, त्यांनी ही जुनी विभागणी मोडली. ते केवळ मान दाखवून थांबेनात. निर्णय सांगू लागले. 'तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर' असे वाक्य जेव्हा संगणकाच्या स्मृतीतून बाहेर येते, तेव्हा ते निरीक्षण नसून निर्णय असतो. आणि निर्णय म्हटला की तो चुकण्याचा संभवही त्याबरोबर आलाच.

सिलिंडरमध्ये घेतलेले मिश्रण ठरलेल्या क्षणी न पेटणे किंवा अपुरे पेटणे याला मिसफायर म्हणतात. गॅरेजमधील मंडळी यालाच 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा झडपा यांच्यातील दोष ही त्याची नेहमीची कारणे होत. तथापि असेही घडते की यांपैकी एकही भाग बिघडलेला नसतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये ज्वलन यथास्थित होत असते, आणि तरीही संगणक मिसफायरची नोंद करतो. दोष असतो तो इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्समध्ये. अशा खोट्या नोंदीला येथे 'आभासी मिसफायर' ही संज्ञा वापरली आहे.

हा आभास म्हणजे संगणकाची लहर नव्हे. त्याला इतिहास आहे. अमेरिकेतील दोन कायदेशीर चळवळी, एक स्वच्छ हवेची व दुसरी इंधनबचतीची, परस्परांपासून स्वतंत्रपणे वाढल्या. पहिलीने संगणकाला क्रँकशाफ्टच्या गतीकडे कान लावून बसविले. दुसरीने त्याच क्रँकशाफ्टला गिअरबॉक्सच्या व चाकांच्या हालचालींपासून अलग ठेवणारी तेलाची गादी काढून घेतली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी सयुक्तिक होत्या. त्यांच्या संगमातून मात्र असा एक साक्षीदार निर्माण झाला, की ज्याला ऐकू येते पुष्कळ, परंतु आवाज कोठून आला हे नेहमीच कळत नाही.

२. धुरकटलेल्या हवेपासून चेक इंजिन दिव्यापर्यंत

१९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणाऱ्या धुक्याचे दाट आवरण पसरले. या धुक्याचे मूळ बराच काळ कारखान्यांत शोधले जात होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जन्माने डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे दाखवून दिले, की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते. या दोन्ही द्रव्यांचा एक मोठा उगम मोटारगाडी हा होता. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० साली संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने स्वच्छ हवेचा व्यापक कायदा केला.

या कायद्यांची पूर्तता करण्यासाठी १९७५ सालच्या अमेरिकन गाड्यांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसविला जाऊ लागला. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या चिनी मातीच्या गाभ्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप देऊन हे साधन बनविलेले असते. त्यातून जाताना उरलेले हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड जळून निरुपद्रवी होतात. परंतु या साधनाचा एक मर्मभेद आहे. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल व हवा ही दोन्ही जर त्याच्या गाभ्यात एकत्र आली, तर ज्वलन तेथेच होते, उष्णता अतोनात वाढते आणि गाभा वितळतो. म्हणजे जे मिसफायर पूर्वी केवळ गाडीच्या चालीला बाधक होते, ते आता प्रदूषणनियंत्रणाच्या सर्वांत महत्त्वाच्या व महाग भागाचे शत्रू ठरले.

इंधनाचे प्रमाण संगणकाकडे सोपविण्याची पद्धत १९८० च्या सुमारास रूढ होऊ लागली. १९८१ सालच्या गाड्यांपासून जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकन मोटारींत ती सरसकट स्वीकारली. संगणकाच्या हाती सेन्सरांची माहिती येतच होती; तेव्हा तिचा उपयोग दोष ओळखण्यासाठीही करावा, हे ओघानेच आले. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८५ साली संमत केलेला स्वयंनिदानाचा पहिला नियम १९८८ सालच्या गाड्यांपासून लागू झाला. त्याचा आवाका मर्यादित होता. मिसफायरचा शोध त्यात नव्हता. दुसरा नियम १९८९ साली संमत झाला, १९९४ सालच्या गाड्यांपासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला, आणि १९९० च्या सुधारित केंद्रीय कायद्याच्या आधारे १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व हलक्या गाड्यांना ही व्यवस्था आवश्यक ठरली. या दुसऱ्या नियमाने मिसफायरचा अखंड शोध बंधनकारक केला.

नियमाची रचना सूक्ष्म होती. कन्व्हर्टरला तत्काळ इजा पोचविणारे मिसफायर क्रँकशाफ्टच्या २०० फेऱ्यांच्या हिशेबात मोजावयाचे व त्या वेळी दिवा उघडझाप करून चालकाला इशारा द्यावयाचा. आणि प्रदूषण विहित मर्यादेच्या दीडपट होईल इतपत मिसफायर १००० फेऱ्यांच्या हिशेबात मोजावयाचे व पुनरावृत्ती झाल्यास दिवा स्थिर लावावयाचा. आरंभी प्रदूषणचाचणीच्या वेळी येणाऱ्या गती व भार यांच्यापुरतेच हे बंधन होते. १९९७ सालच्या गाड्यांपासून ते क्रमाक्रमाने इंजिनाच्या जवळजवळ सर्व कार्यक्षेत्राला लागू करण्यात आले. ही वाढ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण ज्या परिस्थितीत अनुमान करणे कठीण, त्या परिस्थितीतही अनुमान करणे आता संगणकाला भाग पडले.

३. क्रँकशाफ्टची साक्ष

सिलिंडरमध्ये ज्वलन झाले की नाही, हे पाहावयाचे कसे? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब मोजणारा सेन्सर बसविणे. परंतु सामान्य मोटारीला तो खर्च परवडणारा नव्हता. स्वीडनमधील साब कंपनीने स्पार्क प्लगच्याच टोकांमधून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून ज्वालेतील आयनांचा अंदाज घेण्याची पद्धत आपल्या गाड्यांत वापरली. बहुसंख्य कारखानदारांनी तिसरा मार्ग पत्करला, तो क्रँकशाफ्टच्या गतीचा. मिशिगन विद्यापीठातील विल्यम रिबेन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या दिशेने केलेले संशोधन येथे उल्लेखनीय आहे.

या पद्धतीमागील तत्त्व सोपे आहे. क्रँकशाफ्ट एकसारख्या गतीने फिरत नाही. प्रत्येक ज्वलनाबरोबर ती किंचित वेग घेते व पुढील दाबक्रियेत किंचित मंदावते. एखादे ज्वलन चुकले तर त्या ठिकाणी अपेक्षित वेगवाढ होत नाही. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीसमोर सेन्सर बसवून प्रत्येक दात सरकण्यास लागणारा वेळ मोजला, म्हणजे ही मंदी पकडता येते. अशी एक प्रचलित चकती साठ दातांच्या जागा असलेली व त्यांपैकी दोन दात गाळलेली असते. दोन दातांमधील कोन ६ अंशांचा भरतो, आणि गाळलेल्या दातांच्या खुणेवरून कोणता सिलिंडर कोठे आहे हे समजते.

तत्त्व सोपे असले तरी मोजमाप नाजूक आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३० फेरे होतात आणि दर अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे सुमारे १६.७ सहस्रांश सेकंदाला, एक ज्वलन होते. आठ सिलिंडरांचे इंजिन ६००० फेऱ्यांवर असेल, तर दोन ज्वलनांमधील काळ अवघा २.५ सहस्रांश सेकंद उरतो. एका ज्वलनाच्या अभावाने या काळात जी वाढ होते, ती त्याचा अगदी लहानसा अंश असते. चकतीचे दात कापताना राहिलेली यत्किंचित असमानतासुद्धा या मोजमापात घोटाळा करू शकते. म्हणूनच पेट्रोल बंद असताना गाडी स्वतःच्या वेगाने धावत असते त्या अवस्थेत संगणक त्या विशिष्ट चकतीची असमानता शिकून ठेवतो; हे शिक्षण झालेले नसल्यास त्याबद्दल 'पी ०३१५' हा निराळा दोषसंकेत प्रमाणित यादीत आहे.

येथे तर्कशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना धूम व अग्नी यांचे उदाहरण परिचित आहे. जेथे धूम तेथे अग्नी, ही व्याप्ती निरपवाद असेल तरच डोंगरावरील धुरावरून अग्नीचे अनुमान प्रमाण ठरते. हेतू जर साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळत असेल, तर तो सव्यभिचार हेत्वाभास होय. मिसफायर झाले की क्रँकशाफ्ट मंदावते, हे खरे. परंतु क्रँकशाफ्ट मंदावली म्हणजे मिसफायर झालेच, ही उलट व्याप्ती खरी नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणारे हिसके क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात व तीच मंदी उत्पन्न करतात. नियम करणाऱ्यांना व अभियंत्यांना याची जाणीव प्रथमपासून होती. म्हणून कित्येक गाड्यांत ब्रेकयंत्रणेच्या चाकांवरील सेन्सरांकडून रस्त्याच्या खडबडीतपणाची वार्ता घेऊन तेवढ्यापुरता मिसफायरचा शोध स्थगित ठेवण्याची योजना करण्यात आली. रस्ता हा उपाधी त्यांनी ओळखला होता. गिअरबॉक्स हा उपाधी ओळखणे अधिक कठीण होते. कारण तो गाडीच्या आतच दडलेला होता.

४. तेलाची गादी आणि तिचा लोप

स्वयंचलित गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टरचा उगम मोटारीत नसून जहाजात आहे. वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइन आणि सावकाश फिरणारा पंखा यांची सांगड घालण्यासाठी जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली या साधनाचे पेटंट घेतले. यात इंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल भिरकावते व ते तेल समोरील दुसऱ्या चक्राला फिरविते. दोहोंमध्ये घट्ट असा यांत्रिक सांधा नसतो. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत द्रवरूप जोडणीचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आला, आणि १९४८ साली ब्युइकच्या डायनाफ्लो गिअरबॉक्सने टॉर्क कन्व्हर्टरला अमेरिकन प्रवासी मोटारीत स्थान दिले.

तेलाच्या या जोडणीचा गुण व दोष एकच होता. मध्ये तेल असल्याने इंजिनाचे धक्के चाकांपर्यंत व चाकांचे धक्के इंजिनापर्यंत फारसे पोचत नसत. परंतु त्याच कारणाने दोन्ही चक्रांच्या गतीत नेहमी थोडा फरक राही आणि तेवढी शक्ती तेल तापविण्यात वाया जाई. १९४९ च्या पॅकार्ड अल्ट्रामॅटिकमध्ये ही हानी टाळण्यासाठी विशिष्ट वेगानंतर दोन्ही चक्रे एकत्र बांधणारा लॉकअप क्लच बसविला होता. पेट्रोल स्वस्त असलेल्या त्या काळात ही युक्ती सर्वत्र रुळली नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने परिस्थिती पालटली. १९७५ साली अमेरिकेत कारखानदाराच्या एकंदर गाड्यांच्या सरासरी इंधनखपतीवर मर्यादा घालणारा कायदा झाला. १९७८ सालच्या गाड्यांसाठी गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ७.७ किलोमीटर, आणि १९८५ साठी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, अशी उद्दिष्टे ठरली. १९७८ सालच्या गाड्यांपासून क्रायस्लरने लॉकअप क्लच पुन्हा प्रचारात आणला व इतरांनी त्याचे अनुकरण केले. पुढे हा क्लच अधिकाधिक गिअरांत व कमी वेगात लागू लागला. पूर्णपणे घट्ट बसविल्यास इंजिनाचे धक्के प्रवाशांना जाणवतात, म्हणून त्याला जाणूनबुजून किंचित घसरत ठेवण्याची संगणकनियंत्रित पद्धतही आली.

या घसरत्या क्लचच्या पोटीच आभासी मिसफायरचे एक प्रमुख कारण दडलेले आहे. घर्षणाचा गुणांक घसरण्याच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर क्लच शांतपणे घसरतो. तेल जुने झाले, त्यातील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये क्षीण झाली किंवा क्लचचे अस्तर गुळगुळीत झाले, म्हणजे हा संबंध उलटतो. वेग वाढला की घर्षण घटते. मग क्लच क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. तानपुऱ्याची तार छेडल्यावर ती एकदाच हलते. परंतु सारंगीच्या तारेला गज चिकटून सुटत राहतो व तार सतत कंपित ठेवतो. क्लचची थरथर ही या दुसऱ्या जातीची आहे. हे चिकटणे-सुटणे क्रँकशाफ्टला वेळोवेळी मागे ओढते, आणि संगणक त्या ओढीची नोंद चुकलेले ज्वलन म्हणून करतो.

कारणे एवढीच नाहीत. क्लचमधील धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा सैल होणे, इंजिन व कन्व्हर्टर यांना जोडणाऱ्या पातळ चकतीला तडा जाणे, तिचे बोल्ट ढिले होणे, हातगिअरच्या गाडीत दुहेरी फ्लायव्हील झिजणे, यांपैकी कोणताही दोष तोच परिणाम घडवू शकतो. काही इंजिनांत सेन्सरसमोरचे दाते याच जोडचकतीवर असतात. अशा वेळी चकतीला तडा गेला तर क्रँकशाफ्टची गती न बदलताही दात आपल्या जागेवरून हलतात, आणि मोजणाऱ्याची फूटपट्टीच वाकडी होते.

५. नावाचा प्रभाव

आभास केवळ मोजमापातच राहिला असता तर फारसे बिघडले नसते. त्याला बळ दिले ते नामकरणाने. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने दोषसंकेतांची जी प्रमाणित यादी तयार केली, तीत 'पी' हे आद्याक्षर इंजिन व गिअरबॉक्स या संपूर्ण शक्तियंत्रणेचे द्योतक आहे. म्हणजे दोहोंचे एकत्व यादीच्या मुळाशी मान्य केलेले होते. परंतु पुढील अंकांनी त्यांची वाटणी केली : '०३' चा गट प्रज्वलन व मिसफायर यांचा, '०७' चा गट गिअरबॉक्सचा. 'पी ०३००' म्हणजे अनेक किंवा अनिश्चित सिलिंडरांतील मिसफायर, 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरातील. आणि 'पी ०७४१' म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचे कार्य बरोबर नसणे.

क्रँकशाफ्टची मंदी ही घटना वास्तविक या दोन्ही गटांच्या सीमेवरची आहे. तिला नोंदवावयाचे तर 'क्रँकशाफ्टच्या गतीत अनपेक्षित चढउतार' असे तटस्थ नाव देता आले असते. नियमाला मात्र हवे होते मिसफायर. म्हणून नाव मिसफायरचे पडले. नाव पडले की दुरुस्तीची दिशाही ठरते. मेकॅनिक प्रथम स्पार्क प्लग बदलतो, नंतर कॉइल, नंतर इंजेक्टर. दिवा पुन्हा लागतो. क्लचची थरथर पुष्कळदा इतकी सौम्य असते, की गिअरबॉक्सच्या संगणकाची स्वतःची मर्यादा ओलांडली जात नाही व त्या गटातील एकही संकेत उमटत नाही. अशा रीतीने दोषी पक्ष मौन पाळतो आणि निर्दोष पक्षाविरुद्ध लेखी पुरावा तयार होतो. ज्या प्रदेशांत दिवा लागलेली गाडी प्रदूषणतपासणीत नापास होते, तेथे या पुराव्याचा भुर्दंड मालकाला दोनदा भरावा लागतो : एकदा अनावश्यक सुट्या भागांसाठी, आणि एकदा गाडी वापरता न येण्याच्या रूपाने. जुनी गाडी बाळगणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ नसते.

६. परीक्षेची पद्धती

या अनुभवातून हळूहळू परीक्षेची एक पद्धती सिद्ध झाली. तिचे सार असे, की क्रँकशाफ्टच्या साक्षीला दुजोरा देणारा स्वतंत्र साक्षीदार शोधावयाचा.

पहिली पायरी म्हणजे संकेत उमटला त्या क्षणाची नोंद पाहणे. दोषसंकेताबरोबर त्या वेळची इंजिनाची गती, भार, तापमान व गाडीचा वेग संगणक जपून ठेवतो. नोंदी जर नेहमी वरच्या गिअरमध्ये, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर व लॉकअप क्लच लागण्याच्या वेगाजवळच होत असतील आणि उभ्या गाडीत, भार देऊनही, होत नसतील, तर संशयाची सुई मागे वळते. सिलिंडरवार गणतीही बोलकी असते. बिघडलेली कॉइल एकाच सिलिंडरला धरून राहते व ती दुसऱ्या सिलिंडरवर बसविली की संकेतही तिच्याबरोबर जातो. गिअरबॉक्सची ओढ सिलिंडर ओळखत नाही. तिची नोंद बहुधा अनेक सिलिंडरांत विखुरते.

दुसरी पायरी म्हणजे लॉकअप क्लच सोडवून पाहणे. निदानयंत्राद्वारे त्याला सुटण्याची आज्ञा देता येते. साधा उपाय म्हणजे गाडी त्याच वेगात ठेवून डाव्या पायाने ब्रेकचा पेडल केवळ स्पर्शापुरता दाबणे, कारण ब्रेकचा स्विच लागताच क्लच सुटतो. याच वेळी नोंदी थांबल्या तर क्लचविषयीचा संशय बळावतो. काही कारखानदारांनी ही परीक्षा संगणकाच्याच स्वाधीन केली : मिसफायरचा संशय येताच संगणक प्रथम क्लच सोडून इंजिनाला मागील यंत्रणेपासून अलग करतो व नोंदी चालूच राहतात का हे पाहतो.

परंतु येथेच घाई करणे घातक आहे. क्लच सुटल्याबरोबर इंजिनाचे फेरे वाढतात व प्रत्येक सिलिंडरवरील भार हलका होतो. कमकुवत कॉइलमुळे होणारे खरे मिसफायरसुद्धा भार हलका होताच थांबू शकते. तेव्हा या परीक्षेत थांबलेली नोंद ही क्लचच्या दोषाचा पुरावा नसून केवळ सूचना आहे. निर्णय करावयाचा तर क्लच सुटलेला ठेवून, खालच्या गिअरमध्ये किंवा चढावर, इंजिनाला पूर्वीइतकाच भार व पूर्वीइतकेच फेरे द्यावे लागतात. त्या स्थितीतही नोंदी होत नसतील, तरच क्लच दोषी.

तिसरा व सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे सायलेन्सरच्या नळीतील वायू. ज्वलन खरोखर चुकले असेल, तर त्या सिलिंडरमधील ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. पुढील ऑक्सिजन सेन्सरला तो मिश्रण विरळ झाल्यासारखा भासतो व संगणक पेट्रोलचे प्रमाण वाढवू लागतो. न जळलेल्या हायड्रोकार्बनचे मानही वाढते. आभासी मिसफायरमध्ये यांपैकी काहीच घडत नाही : गणती वाढत असते आणि वायू मात्र निर्दोष असतात. क्रँकशाफ्ट बाहेरच्या ओढीला बळी पडते. वायू पडत नाही. रसायनाची साक्ष यांत्रिकीच्या साक्षीहून येथे श्रेष्ठ ठरते, याचे कारण एवढेच की ती ज्वलनाच्या अधिक निकटची आहे. याखेरीज क्लचच्या दोन बाजूंच्या गतींमधील फरक निदानयंत्रावर पाहता येतो. क्लच लागलेला असताना हा फरक स्थिर न राहता सारखा खालीवर होत असेल, तर थरथरीची ओळख पटते. मग योग्य जातीचे ताजे तेल घालणे हा पहिला व पुष्कळदा पुरेसा उपाय असतो. अस्तरच झिजले असेल तर मात्र कन्व्हर्टर बदलावा लागतो. जोडचकती, फ्लायव्हील किंवा सेन्सर बदलल्यास संगणकाला चकतीच्या असमानतेचे शिक्षण पुन्हा द्यावे लागते. एरवी दुरुस्तीच नव्या आभासाला जन्म देते.

७. उलट बाजू

आभासी मिसफायरची माहिती सर्वत्र पसरल्यावर विरुद्ध दिशेची चूकही तितकीच संभवनीय झाली. वरच्या गिअरमध्ये लॉकअप क्लच लागलेला असताना इंजिनावर कमी फेऱ्यांत मोठा भार पडतो. दुबळी ठिणगी नेमकी अशा वेळी अपुरी पडते, आणि तेलाची गादी नसल्याने तिचा हिसका सरळ आसनापर्यंत येतो. चालकाला वाटते की गिअरबॉक्स थरथरतो. अशा गाडीचा निर्दोष गिअरबॉक्स उतरविणे हा स्पार्क प्लग फुकट बदलण्याहून कितीतरी महागाचा प्रमाद होय. शिवाय 'हा संकेत खोटाच असतो' असे म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष केले आणि मिसफायर खरे निघाले, तर कन्व्हर्टर वितळून ज्या हवेच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप झाला तिचीच हानी होते. म्हणून आभासाचे ज्ञान हे अविश्वासाचे निमित्त होता कामा नये. ते अधिक पुराव्याची मागणी करण्याचे कारण व्हावे.

८. समारोप

युरोपात पेट्रोलवरील नव्या मोटारींना स्वयंनिदानाची व्यवस्था २००० व २००१ सालांपासून आवश्यक झाली. भारतात भारत स्टेज चारच्या नियमांखाली १ एप्रिल २०१० पासून तिचा पहिला व १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाने हे नियम अधिक कडक केले. या नियमांच्या तपशिलाशी व चाचण्यांशी १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा निकटचा संबंध आहे. लॉस एंजेलिसच्या हवेसाठी निर्माण झालेला प्रश्न अशा रीतीने मराठी मुलुखातील गॅरेजांपर्यंत येऊन पोचला आहे. येथील रस्त्यांचे हिसके व स्वयंचलित गिअरबॉक्सचा वाढता प्रसार लक्षात घेता, त्याची उकल करणाऱ्या कारागिराला या दोषसंकेतांचा केवळ तक्ता पाठ असणे पुरेसे नाही. तो तक्ता कोणत्या गृहीतावर उभा आहे, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

या इतिहासाचे तात्पर्य एका वाक्यात सांगावयाचे तर असे : कायद्याने विचारलेला प्रश्न हवेविषयी होता, संगणकाने मोजलेली राशी कालाची होती, आणि वाचणाऱ्याने घेतलेला अर्थ सुट्या भागाविषयीचा होता. हवा, काल आणि सुटा भाग यांमधील प्रत्येक अंतर अनुमानाने ओलांडलेले आहे. ते अनुमान बहुतेक वेळा खरे ठरते, म्हणूनच ते टिकून आहे. ते जेथे चुकते तेथे त्याची चूक शोधण्याची साधनेही त्याच गाडीत उपलब्ध असतात. फक्त, संकेत हा तपासाचा आरंभ समजावयाचा की निकाल समजावयाचा, हे ठरविण्याचे काम यंत्राने अद्याप माणसाकडून काढून घेतलेले नाही.